कंपनी कूळ, शेतकरी मालक : हरेगावच्या मळ्याची शंभर वर्षं

दौंड-मनमाड लोहमार्गाने श्रीरामपूरला यायचं असेल तर तिकीट बेलापूरचं काढावं लागतं. १८७८ साली हा मार्ग सुरू झाला तेव्हा इथे शहर नव्हतं. प्रवरेकाठचं जुनं बेलापूर काही मैल दक्षिणेला. त्याच्या नावाने माळावर एक स्टेशन झालं आणि त्या जागेला लोक बेलापूर रोड म्हणू लागले. पुढे कालवा आला, गूळ आला, साखर आली, पेठ वाढली आणि पेठेचं श्रीरामपूर झालं. बेलापूरचंच नाव घेऊन १९१९ मध्ये एक कंपनी स्थापन झाली, बेलापूर कंपनी. तिचा कारभार पाहणारे मॅनेजिंग एजंट होते डब्ल्यू. एच. ब्रॅडी अँड कंपनी, मुंबईतली ब्रिटिश पेढी. कारखाना उभा राहिला श्रीरामपूरजवळ हरेगावात. त्याच्याभोवती दख्खनच्या शेतकऱ्याने तोवर न पाहिलेली शेती सुरू झाली. हजारो एकर सलग ऊस, आणि सगळा एका कचेरीच्या हुकमाखाली.

या मळ्याचं नाव नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, आजही कोर्टाच्या आणि तहसील कचेरीच्या संदर्भातच जास्त घेतलं जातं. जमीन शेतकऱ्यांकडून कंपनीकडे गेली, कंपनीकडून सरकारी महामंडळाकडे गेली आणि तुकड्यातुकड्याने शेतकऱ्यांच्या नातवा-पणतवांकडे परत आली. काही अजून आलेलीच नाही. या फेऱ्यात जवळजवळ शंभर वर्षं गेली. त्याचं मूळ कारण एका उलट्या नात्यात आहे. आपल्याकडे जमिनीचे कायदे करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कायम एक चित्र असे. मालक बलदंड, कूळ दुबळं. हरेगावात मालक होता पाच-दहा एकरांचा कोरडवाहू शेतकरी आणि कूळ होती भांडवलदार कंपनी. दुबळ्याच्या कैवारासाठी लिहिलेला प्रत्येक कायदा इथे आला की या शेतकऱ्याला बाजूला सारून पुढे गेला.

कंपनी येण्याआधी हा मुलूख कसा होता, हे पाहिल्याशिवाय शेतकऱ्यांनी जमीन का दिली ते कळत नाही. बाजरी, ज्वारी, मठ, हुलगे. पाऊस बेभरवशाचा. १८७५ साली सुप्यात सुरू झालेला सावकारांविरुद्धचा उठाव पुणे आणि नगर या दोन जिल्ह्यांत पसरला. शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं ओढून काढली आणि जाळली. त्यातून १८७९ चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. पाठोपाठ १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ पडले. दुष्काळी कामांवर माणसं पोसत बसण्यापेक्षा कालवे काढावेत, असं सरकारला वाटू लागलं. गोदावरीवर नांदूर मधमेश्वरचा बंधारा १९११ पर्यंत झाला, दारणा धरण १९१६ मध्ये झालं. प्रवरेवर, सह्याद्रीच्या कुशीत, भंडारदऱ्याचं काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये पुरं झालं. ८२ मीटर उंचीची दगडी भिंत आणि ११ टीएमसी पाणी. ते पाणी नदीतूनच खाली सोडायचं आणि संगमनेर तालुक्यातल्या ओझरच्या बंधाऱ्यावरून डाव्या-उजव्या कालव्यांत वळवायचं, अशी योजना होती.

कालवा काढणं सोपं, तो चालवणं अवघड. कोरडवाहू शेतकरी पाऊस बरा झाला की पाणी मागत नसे आणि दुष्काळात सगळेच एकदम मागत. कालव्याचा खर्च भरून निघायचा तर बारमाही पाणी घेणारं आणि पाणीपट्टी भरू शकणारं पीक हवं होतं. असं पीक एकच होतं, ऊस. पण उसाला खतासाठी, बेण्यासाठी, मजुरीसाठी आधी पैसा ओतावा लागतो आणि आडसाली लागणीचा पैसा हाती यायला दीड वर्ष जातं. ज्याच्या डोक्यावर सावकाराचं कर्ज आहे तो दीड वर्ष थांबणार कसा? सासवडकडच्या माळी बागायतदारांना हे जमलं. नीरेच्या कालव्यावर उसाची विद्या शिकलेली ही मंडळी गोदावरी आणि प्रवरेच्या पट्ट्यात आली, खंडाने जमिनी घेतल्या आणि गुऱ्हाळं लावली. कोपरगाव-श्रीरामपूर भागातल्या बागायतीचा पाया त्यांनी घातला. सरकारला मात्र याहून मोठा, एकरकमी पाणी घेणारा गिऱ्हाईक हवा होता. बेलापूर कंपनी तो गिऱ्हाईक होती.

कंपनीला कारखान्याबरोबर जमीनही का हवी होती, याचं उत्तर उसाच्या गुणात आहे. वसाहतीच्या काळात आपल्या भागात तंबाखूचा व्यापारही जोरात होता. निपाणीच्या पट्ट्यातली तंबाखू दूरवर जाई. पण तंबाखूचं पान सुकवता येतं, बोद बांधून वखारीत ठेवता येतं, भाव येईपर्यंत थांबता येतं. म्हणून तिथे शेती लहान शेतकऱ्यांच्या हाती राहिली आणि व्यापाऱ्याने वखार धरली. ऊस थांबत नाही. तोडला की काही तासांतच त्यातली साखर उतरायला लागते. तो चोवीस तासांच्या आत चरकात गेला पाहिजे, आणि चरक एकदा पेटला की चार-पाच महिने अखंड चालला पाहिजे. कुठल्या फडात कुठल्या आठवड्यात कोयता लागणार हे लागणीच्या वेळीच ठरलेलं असावं लागतं. हजार शेतकऱ्यांच्या मर्जीवर तो हिशेब सोडायला कंपनी तयार नव्हती. तिला जमिनीचा मळा हवा होता.

जमीन दोन वाटांनी आली. पुष्कळ शेतकऱ्यांनी ती कंपनीला दीर्घ मुदतीच्या खंडाने दिली. जमीन खंडाने दिलेल्या या शेतकऱ्यांना इथे खंडकरी म्हणतात. दुसरी वाट सरकारमार्फत. उंदिरगाव, माळवडगाव, मुठेवाडगाव, शिरसगाव, निमगाव खैरी अशा हरेगावच्या आसपासच्या नऊ गावांतली सात हजारांहून अधिक एकर जमीन सरकारने ताब्यात घेतली आणि कंपनीला कसायला दिली. साल होतं १९१८ च्या आगेमागे. त्या साली पाऊस बुडाला होता आणि इन्फ्लुएन्झाच्या साथीने गावंच्या गावं आजारी होती. अशा वेळी समोर आलेल्या कागदावर अंगठा उठवणाऱ्याला आपण मोकळ्या मनाने करार करणारा पक्षकार म्हणतो, हे मला पटत नाही. कायदा मात्र त्याला तसंच म्हणतो.

त्याच काळात जावामध्ये डच कारखानेही शेतकऱ्यांची जमीन खंडाने घेऊनच ऊस पिकवत होते. पण तिथे ऊस गावाच्या जमिनीवर फिरता असे. एका शेतात एक पीक झालं की ते भाताला परत आणि पाळी दुसऱ्या शेतावर. शेतकऱ्याचा बांध मोडत नसे. जावाच्या पद्धतीतही जुलूम पुष्कळ होता, पण जमीन कुणाची हे शेतकरी विसरत नसे आणि कारखानाही विसरू शकत नसे. हरेगावात जमीन वर्षानुवर्षं कंपनीकडेच राहिली. बांध गेले, पाट आणि चाऱ्या नव्याने आखल्या गेल्या, शेतांना सेक्शनची नावं आली. ज्या पोराने बापाला तिथे बाजरी पेरताना पाहिलं होतं, त्याला म्हातारपणी आपलं शेत नेमकं कुठलं हे बोट दाखवून सांगता येईना. जावाचा एक वारसा मात्र पुढे इथल्या मातीत आला. पसुरुआनच्या केंद्रात तयार झालेल्या पीओजे २८७८ या वाणाने जगभरची ऊसशेती बदलली आणि दख्खनच्या कालव्यांवरही तो लावला गेला. आपला पुंड्या ऊस मागे पडला. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ मध्ये निघालं ते याच कालव्यांवरच्या उसासाठी.

१९३२ हे साल आणखी एका कारणाने महत्त्वाचं आहे. परदेशी साखरेवर जकात बसवून देशी साखरेला संरक्षण देणारा कायदा त्या वर्षी झाला आणि भारतीय भांडवल साखरेकडे धावलं. महादेव डहाणूकरांची महाराष्ट्र शुगर मिल्स १९३३ मध्ये श्रीरामपूरच्या शेजारी निघाली आणि टिळकनगर वसलं. करमशी जेठाभाई सोमय्यांच्या गोदावरी शुगर मिल्सचे साकरवाडी आणि लक्ष्मीवाडी हे मळे कोपरगावच्या बाजूला आले. पुणतांब्याजवळ चांगदेवनगर झालं. कारखानदार आता गोरा नव्हता, लोकमान्यांच्या नावाने नगर वसवणारा होता. जमीन घेण्याची रीत तीच राहिली. मोठा मळा, खंडाचे कागद, कंपनीच्या कचेरीतून चालणारी शेती.

या मळ्यात राबणारा माणूस बहुतेक वेळा जमिनीच्या खटल्यांच्या कागदांत येत नाही. हरेगावच्या चाळींमध्ये आणि वाड्यांमध्ये राहणाऱ्या कुटुंबांत मोठा भाग महार, मांग आणि त्यांतून ख्रिस्ती झालेल्यांचा होता. गावात त्यांच्या वाट्याला वतनाची तुकडाभर जमीन आणि वेठ होती. मळ्यात निदान पगाराचा दिवस ठरलेला होता. डिसेंबर १९३९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर हरेगावला आले ते महार-मांग वतनदारांच्या परिषदेसाठी. मुंबई इलाख्यातली वतनाची आणि वेठीची तक्रार मांडायला हरेगावची निवड झाली. गावगाड्याबाहेर रोख मजुरीवर जगणारा, एकत्र राहणारा दलित समाज तिथे होता. अशा समाजाला सभेला यायला पाटलाची परवानगी लागत नाही. हरेगावचं संत तेरेजा चर्च आणि सप्टेंबरात भरणारी मतमाउलीची यात्रा ही त्याच वस्तीची देणगी. यात्रेला आज राज्यभरातून लाखो माणसं येतात. त्यांतल्या कितीकांचे आजे-पणजे याच फडात कोयता घेऊन उभे होते.

इकडे कालव्याकाठचा छोटा बागायतदार गुळाच्या भावाने पुन्हा पुन्हा मरत होता. पुण्याच्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या फायद्यांची तपशीलवार पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाण्याने या भागात किती संपत्ती आणली आणि ती कुणाच्या हाती गेली, हे जाणणारा त्यांच्यासारखा दुसरा अर्थतज्ज्ञ नव्हता. १९४५ मध्ये बेलापूर रोडला कालव्यांवरच्या बागायतदारांची परिषद झाली तेव्हा अध्यक्ष गाडगीळच होते. कारखाना शेतकऱ्यांनी स्वतः काढावा, हा विचार तिथे पक्का झाला. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेअर गोळा केले, वैकुंठभाई मेहतांनी सरकारात पाठबळ दिलं, आणि १९५० मध्ये प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याने पहिलं गाळप सुरू केलं. पहिले अध्यक्ष गाडगीळ. कंपनीचा मळा आणि शेतकऱ्यांचा कारखाना हे दोन्ही एकाच प्रवरेच्या पाण्यावर, एका दिवसाच्या बैलगाडीच्या अंतरात उभे होते. ऊस पिकवायला मळ्याची मालकी लागतेच, हा कंपनीचा युक्तिवाद प्रवरेने खोडून काढला. पण खंडकऱ्याला त्याचा उपयोग नव्हता. शेअर घ्यायचा तर स्वतःच्या ताब्यात ऊस हवा, आणि त्याची जमीन कंपनीच्या ताब्यात होती.

आता कायद्याकडे येऊ. १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट कायद्याने आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी कसेल त्याची जमीन हे तत्त्व आणलं. ते हरेगावला जसंच्या तसं लावलं असतं तर कंपनीच जमिनीची मालक झाली असती. तसं होऊ नये म्हणून कायद्यात कलम ४३ अ आलं. कारखान्यांनी आणि उसासाठी घेतलेल्या खंडांना कुळाचे मुख्य हक्क लागणार नाहीत, असं त्यात म्हटलं. शेतकऱ्याची मालकी वाचली, पण ताबा परत मिळण्याचा मार्ग त्यातून निघाला नाही. कागदावर मालक आणि शेतात परका अशी त्याची स्थिती झाली. खंडाची रक्कम जुनी राहिली आणि साखरेचे भाव वाढत गेले.

मग आला १९६१ चा महाराष्ट्र शेतजमीन कमाल धारणा कायदा. २६ जानेवारी १९६२ पासून तो लागू झाला. बारमाही बागायतीची मर्यादा १८ एकर. खासगी साखर कारखान्यांनाही सूट मिळाली नाही, हे तेव्हाच्या महाराष्ट्र सरकारच्या हिमतीचं काम होतं. राज्यभरातल्या या मळ्यांची मिळून ऐंशी हजारांहून जास्त एकर जमीन सरकारजमा झाली. १९६४ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने हा कायदा नवव्या परिशिष्टात गेला. कारखान्यांच्या जमिनीसाठी कायद्यात वेगळं कलम होतं, २८ वं. जमिनीचे सलग गट मोडू नयेत आणि कारखान्याला कच्च्या मालाचा पुरवठा अखंड राहावा, ही त्यातली चिंता. त्यासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झालं. हरेगाव, टिळकनगर, लक्ष्मीवाडी, साकरवाडी, चांगदेवनगर, शिवाय वालचंदनगर, रावळगाव, माळीनगर असे मळे त्याच्याकडे गेले.

या कलमात उसाची काळजी घेतली गेली आणि कारखान्याचीही. खंडकऱ्याची जमीन मात्र कंपनीच्या धारणेत मोजली गेली आणि अतिरिक्त ठरली. स्वतःकडे १८ एकर कधीच नसलेल्या शेतकऱ्याची पाच एकर, कमाल धारणेच्या कायद्याखाली, मोठ्या जमीनदाराची म्हणून सरकारने घेतली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा अन्याय हा आहे. कंपनी परकी होती, नफ्यासाठी आली होती. हे काम मात्र आपल्याच सरकारने, आपल्याच सुधारणेच्या नावाने केलं.

खंडकऱ्यांचा लढा जमीन सरकारजमा झाली तेव्हापासून सुरू झाला म्हणायला हरकत नाही. मनमाडचे कम्युनिस्ट नेते माधवराव गायकवाड यांनी तो आयुष्यभर चालवला. सात्रळचे पी. बी. कडू पाटील आणि संगमनेरचे दत्ता देशमुख यांच्यासारख्या डाव्या पुढाऱ्यांनी नगर जिल्ह्यात शेतकरी-शेतमजुरांची जी चळवळ बांधली होती, तिचा आधार या लढ्याला मिळाला. मोर्चे निघाले, कायद्यात दुरुस्त्या झाल्या, १९७० च्या दशकात काहींना थोडी जमीन परत मिळाली. उरलेल्यांसाठी खटले सुरू राहिले आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जमीनवाटप मोठ्या प्रमाणावर सुरू व्हायला २०१२ साल उजाडलं. खंडाचा कागद करणाऱ्या आजोबांपासून तोवर तिसरी-चौथी पिढी आली होती. एका अंगठ्याच्या जागी वीस-पंचवीस वारसांची नावं. परत मिळालेल्या जमिनीवर भोगवटादार वर्ग दोनचा शिक्का, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, सहज गहाण ठेवता येत नाही. आपलीच जमीन आपल्याला अटींवर! ती वर्ग एक करण्याचा निर्णय अलीकडे झाला, हे चांगलं झालं. फार उशिरा झालं.

दरम्यान महामंडळाचं काय झालं? सुरुवातीला ही राज्यातली सर्वांत मोठी ऊस पिकवणारी संस्था होती. स्वतःचं पाणी, बेणं, जुने जाणते पाटकरी आणि मुकादम. पण तिला कारखान्याला ऊस द्यायचा होता आणि नफाही दाखवायचा होता. खंडकऱ्यांचे दावे चालू असल्याने जमिनीत दीर्घकालीन पैसा घालायला कुणी धजत नव्हतं. कालव्याखालच्या भारी काळ्या जमिनी अतिपाण्याने चिबड आणि खारवट होत होत्या. निचऱ्याचं काम हळूहळू मागे पडत गेलं. सहकारी कारखान्यांनी शेजारचा ऊस, मजूर आणि राजकारणातलं वजन आपल्याकडे ओढलं. हरेगावचा साखर कारखाना बंद पडला. टिळकनगरला साखर गेली आणि मद्यार्क राहिला. महामंडळाने पुढे पुढे स्वतः शेती करणं सोडून जमीन निविदा काढून ठेकेदारांना कसायला देणं सुरू केलं. खासगी कंपनीच्या धारणेत अतिरिक्त ठरवून ज्या जमिनी घेतल्या, त्यांवर सरकारी कंपनी पुन्हा खासगी खंड वसूल करू लागली. कोपरगाव-राहाता बाजूला लक्ष्मीवाडी मळ्यातली जमीन आता सावळीविहीर आणि सोनेवाडीच्या औद्योगिक वसाहतीकडे जात आहे. शिर्डीपासून ती हाकेच्या अंतरावर आहे आणि तिचा भाव उसाने कधीच दिला नसता इतका झाला आहे.

नऊ गावांचा प्रश्न वेगळा आणि अधिक बिकट आहे. खंडकऱ्यांची मालकी निदान कागदावर टिकली होती. या गावांतली जमीन सरकारच्या नावावर लागली आणि तिथले शेतकरी आकारी पडीत, म्हणजे सरकारजमा झालेल्या, जमिनीचे दावेदार म्हणून औरंगाबाद खंडपीठात उभे राहिले. त्यांचं म्हणणं सरळ आहे. जमीन कंपनीच्या कामासाठी घेतली, कंपनीचं काम संपलं, मग ती परत द्या. अधिकाऱ्यांच्या बाजूने जुन्या दप्तराचा आणि कलमांचा भार मोठा आहे. मला शेतकऱ्यांच्या म्हणण्यात वजन वाटतं. खंडकऱ्याला जी जमीन परत देणं न्याय्य ठरलं, ती आणि बांधापलीकडची ही, दोन्ही एकाच मळ्यासाठी, एकाच दुष्काळी काळात, एकाच कंपनीला गेल्या. शेतकऱ्याच्या हातातून ती खंडपत्राने गेली की सरकारी आदेशाने, हे ठरवण्याचा अधिकार १९१८ मध्ये त्याला नव्हता. आज त्या फरकाची किंमत त्यानेच का मोजावी?

आणि चाळींतला कामगार. कंपनी गेली तेव्हा तो महामंडळाचा झाला. महामंडळाने शेती आवरली तेव्हा स्वेच्छानिवृत्तीचे कागद त्याच्यापुढे आले, थकलेल्या देण्यांसाठी त्याने धरणं धरलं. खंडकऱ्यांना जमीन मिळाली हे योग्यच झालं, पण ज्या दिवशी ताबा पावती शेतकऱ्याच्या हाती आली त्या दिवशी त्या फडावरचं कामगाराचं काम संपलं. त्याच्या पूर्वजांचं नाव सात-बाराला कधी नव्हतं. तो राहतो ते घर मळ्याचं, त्याखालची जागा महामंडळाची. घरासाठी दोन गुंठे जागा ही त्याची वर्षानुवर्षांची मागणी आहे. हरेगावच्या वाड्यांमध्ये पत्रे बदलून, भिंती लिंपून लोक त्याच खोल्यांत राहतात, कारण दुसरीकडे जायला जागा नाही आणि आहे त्या जागेवर घरकुल बांधायला उतारा नाही.

शिल्लक जमिनीच्या पुढच्या निविदा निघतील, औद्योगिक वसाहतीसाठी आणखी क्षेत्र मागितलं जाईल, नऊ गावांच्या दाव्याचा निकाल लागेल. त्या प्रत्येक वेळी मळ्याचा नकाशा टेबलावर पसरला जाईल. त्या नकाशावर सर्वांत आधी कामगारांच्या वाड्यांची हद्द मोजून त्यांच्या नावाने लावावी आणि मग उरलेल्या एकरांचं बोलावं, असं सरकारला सांगायला हवं. हे काम कठीण नाही. जागा महामंडळाचीच आहे, घरं उभी आहेत, राहणाऱ्यांची नावं मतदार यादीत आणि शिधापत्रिकेवर आहेत. मोजणी खात्याचा एक माणूस आणि तहसीलदाराची सही लागेल.